चार्ज कोणाकडे?

"कोणतंही काम एका माणसाला दिलं तर ते वेळेत होतं आणि दोघांना दिलं तर निम्म्या वेळेत होतं. हे गणित आहे आणि गणितात मतभेद नसतात," असं गोपाळराव खोब्रागडे यांनी गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता सक्करदऱ्यातल्या लुंबिनी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, दोन रहिवासी आणि अकरा दुचाकी यांच्यासमोर जाहीर केलं. भाषा अर्थातच प्रमाण होती, कारण गोपाळराव सोसायटीचे सचिव होते आणि जाहीर करायचं असलं की ते सचिवासारखं बोलत. मग मुलीला फोन करायला त्यांनी खिशातून मोबाइल काढला, तर तो बंद पडलेला. आदल्या दिवशी तो चार्जिंगला लावायचं काम त्यांनी आणि त्यांच्या मुलीने, दीप्तीने, मिळून अंगावर घेतलं होतं.

मोबाइल ही त्या दिवसाची सगळ्यात लहान अडचण होती. बुधवारी दुपारी वादळ आलं आणि कोपऱ्यावरचा कडुनिंब डीपीवर आडवा झाला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत लाईन येणार नाही, असं कळलं. लुंबिनीला त्याचं विशेष वाटलं नाही. लिफ्टसाठी पार्किंगच्या कोपऱ्यात, जाळीच्या खोलीत, दहा बॅटऱ्यांची एक बँक होती. लाईन गेली की ती लिफ्ट चालवायची. बुधवारी तिने ती चालवलीही. पण लाईन नसताना लिफ्ट खरंच चालते का, हे पाहायला प्रत्येक घरातून दोन-दोन माणसं वर-खाली करून आली आणि संध्याकाळी साडेसातला बँकेने हात टेकले.

आणि गुरुवारी दुपारी चार वाजता गोपाळरावांच्या पत्नी सिंधूताई धंतोलीच्या दवाखान्यातून घरी यायच्या होत्या. दोन्ही गुडघे नवे होते आणि घर चौथ्या मजल्यावर होतं.

"त्याच्यात काय एवढं, काकाजी?" अंकुश म्हणाला. तो पहिल्या मजल्यावर राहायचा, मंडप-डेकोरेशनचं काम करायचा आणि सोसायटीचा उपाध्यक्ष होता. "खुर्चीत बसवू काकूले. माहे चार माणसं बोलावतो. नवरीची डोली उचलतात ते, काकू तं काहीच नाही."

तळमजल्यावरच्या शोभाताईंच्या फोनवरून हा प्रस्ताव दवाखान्यात कळवण्यात आला. सिंधूताईंचं उत्तर स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. "माही वरात नाही काढाची. लिफ्टनं येईन, नाही तं इथंच राहीन. अन् इथं अजून एक दिवस पातळ खिचडी खाल्ली, तं गुडघ्यासारखं डोकंबी बदलावं लागन."

म्हणजे बँक भरायलाच हवी होती. सोसायटीचा एक जनरेटर होता. तो लिफ्ट थेट उचलू शकत नसे. मोटर सुरू होताना असा हिसका बसायचा, की जनरेटर खोकून बंद पडायचा. म्हणून जनरेटरने बँक भरायची आणि बँकेने लिफ्ट उचलायची, अशी रीत होती. तिसऱ्या मजल्यावरची पायल हिंगण्याच्या एका कंपनीत इन्व्हर्टर तपासायच्या कामावर होती आणि तिची आज सुट्टी होती. तिने बँकेला मीटर लावून सांगितलं, "सात तास लागन, काका. आता लावला तं साडेचारलोक होते."

"सिंधू चारले येते."

"मंग काकूले अर्धा तास शोभाकाकूकडं बसवा. चहा पेतील."

हा उपाय गोपाळरावांना फार साधा वाटला. तेवढ्यात अंकुशने आपला मंडपाचा जनरेटर देऊ केला. त्याला त्याचा स्वतःचा चार्जर होता आणि पायलने पाहिलं, तर तो या बँकेला जुळतही होता. गोपाळरावांचा चेहरा उजळला. वरचं गणित त्यांनी याच क्षणी जाहीर केलं होतं.

"दोन्ही एकदम नका लावू, काका," पायल म्हणाली. "अंकुशभाऊचा मोठा आहे. त्याचा एकटाच लावा."

"काहून?"

"दोन चार्जर एका बँकेवर लावले का ते एकमेकाले फसवतात."

"मशीन फसवत नाही वं पोरी. फसवाले माणूस लागते."

इथे गोपाळरावांची थोडी बाजू घ्यायला हवी. ते पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आस्थापना शाखेत होते आणि 'चार्ज' हा शब्द त्यांच्या आयुष्यात विजेच्या फार आधी आला होता. साहेब बदलून गेला की चार्ज द्यायचा, नवा आला की त्याने तो घ्यायचा. दिला तो मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, हे लिहायचं आणि खाली दोघांच्या सह्या. रजेवर गेलेल्याचा अतिरिक्त चार्ज शेजारच्या टेबलाकडे जायचा. चौतीस वर्षांत त्यांनी इतके चार्ज दिलेले-घेतलेले पाहिले होते, की दहा बॅटऱ्यांना तो द्यायला कोणी मुलगी आपल्याला शिकवते आहे, हे त्यांना जरा अवघड गेलं.

शिवाय सोसायटीचा जनरेटर त्यांनी स्वतः, तीन बैठकांमध्ये भांडून, मंजूर करून घेतला होता. घरच्याच कामाच्या दिवशी तो बंद ठेवून अंकुशचा चालवायचा, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. अंकुशचंही तसंच. त्याचा जनरेटर मागे कुठल्याशा सभेत ऐन भाषणात बंद पडला होता, तेव्हापासून तो त्याची अब्रू परत मिळवण्याची संधी शोधत होता.

"माहा एकटा पुरे आहे," अंकुश म्हणाला.

"सोसायटीचा असताना बाहेरचा एकटा कसा लावता येईल?" गोपाळराव म्हणाले.

"बाहेरचा? मी पहिल्या माळ्यावर राहतो!"

शेवटी दोन्ही लावायचं ठरलं. सोसायटीचा जनरेटर इमारतीच्या मागे होता, अंकुशचा पुढे गेटजवळ उभा केला. दोन्हींच्या तारा जाळीच्या खोलीत आल्या, दोन्ही चार्जर बँकेला चिकटले आणि दहा वाजता लुंबिनी दोन्ही बाजूंनी थरथरू लागली. पायल म्हणाली, "मी सांगतलं," आणि वर झोपायला गेली.

गोपाळरावांनी एक वही काढली. मुखपृष्ठावर 'चार्ज रजिस्टर' असं लिहिलं, आत रकाने पाडले: जनरेटर क्रमांक एक, जनरेटर क्रमांक दोन, वेळ, शेरा. मग खुर्ची टाकून ते जाळीसमोर बसले. त्यांना फार वाट पाहावी लागली नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी सोसायटीच्या चार्जरवर हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे भरली. गोपाळरावांनी शेरा लिहिला: 'भरली, मध्यान्हपूर्व.' ते टोपण लावतात न लावतात तोच अंकुशच्या चार्जरवरही हिरवा लागला. त्याही रकान्यात 'भरली' गेलं.

"सात तासाचं काम सव्वा तासात!" गोपाळराव शोभाताईंना म्हणाले. त्या तांदूळ निवडत दारात बसल्या होत्या.

"इतक्या लवकर तं माहा कुकर होत नाही, भाऊजी," शोभाताई म्हणाल्या. "पुन्हा एकदा पाहून घ्या."

"पाहून काय घ्याचं? लेखी आहे."

तरी दोन्ही जनरेटर चालूच ठेवण्यात आले, कारण आधी कोणाचा बंद करायचा यावर एकमत झालं नाही. मधून मधून एखादा दिवा लाल व्हायचा, थोड्या वेळाने पुन्हा हिरवा व्हायचा. गोपाळराव लालाची नोंद घेत नव्हते. खात्यातही हरकतीची नोंद ती लेखी आली तरच होत असे.

सव्वातीन वाजता पायल डोळे चोळत खाली आली. तिने बँकेला मीटर लावलं, मग काढून पुन्हा लावलं.

"काका, हे तं रिकामीच आहे."

"दोन्ही दिवे हिरवे आहेत."

"दिवे असन. मीटर म्हणते, फार तं एक फेरी निघन."

"तुझं मीटर तोंडी सांगते. दिवा लेखी आहे." गोपाळरावांनी वही पुढे केली. "हे पाहा. अकरा वीस, अकरा एकवीस."

"वहीवर लिफ्ट नाही चढत, काका. माह्यं ऐका. जे आहे ते एका फेरीपुरतं काकूसाठी राहू द्या. तोवर एक जनरेटर बंद करा."

इथे एखादा सामान्य माणूस थांबला असता. पण ज्याचा चार्ज घ्यायचा त्याची आधी प्रत्यक्ष पाहणी करायची, ही सवय चौतीस वर्षांची होती. "बायको बसण्याआधी ट्रायल झाली पाह्यजे," असं म्हणून गोपाळराव वहीसकट लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी चारचं बटण दाबलं.

लिफ्ट निघाली. पहिला मजला गेला, दुसराही गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे तिने एक दीर्घ उसासा टाकला आणि ती थांबली. आतला पंखा थांबला, दिवा गेला. सिंधूताईंसाठी शिल्लक असलेली एकमेव फेरी त्यांच्या यजमानांनी अडीच मजल्यांपर्यंत वापरून संपवली होती.

पायल धावत दुसऱ्या मजल्यावर गेली. "काका, घाबरू नका!"

"घाबरलो नाही," वरून आवाज आला. "फसलो."

"बाहेरून दार उघडाची किल्ली असते न लिफ्टची? कोठी आहे?"

"सचिवाकडं असते."

"म्हणजे?"

"माह्या खिशात."

"अन् खिसा?"

आतून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला.

लिफ्टच्या कंपनीचा माणूस येतो म्हणाला, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोराडीच्या बाजूला होता. चारला दहा मिनिटं असताना अँब्युलन्स गेटमधून आत आली. दीप्तीने आणि अँब्युलन्सवाल्याने सिंधूताईंना चाकांच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी आधी गेटवर धडधडणारा जनरेटर पाहिला, मग घाम पुसणारा अंकुश पाहिला.

"लिफ्ट कोठी आहे?"

"वरती," अंकुश म्हणाला.

"अन् दीप्तीचे बाबा?"

"तेबी वरती."

"मंग खाली बोलवा न."

"दोघंही येत नाही, काकू."

शोभाताईंनी पुढे होऊन सिंधूताईंचा ताबा घेतला. "या वं, आत बसा. मी चहा ठेवतो. पुरुषांले काम करू द्या, आपल्याले वेळ आहे." सामानसुमानासह त्या शोभाताईंच्या बैठकीत गेल्या आणि अँब्युलन्स निघून गेली.

पायलने जिन्याच्या कठड्यावरून वाकून, लिफ्टच्या दिशेने तोंड करून, सकाळी जे सांगायचं राहिलं होतं ते सांगायला सुरुवात केली. "काका, ऐका! एक चार्जर जोर लावाले लागला का बँकेचं व्होल्टेज चढते. दुसऱ्याले वाटते, भरली. तो हिरवा लावून बसते. मंग हा दम घ्याले थांबला का तो उठते, अन् याले वाटते, भरली. सकाळपासून दोघंही पाळीपाळीनं बसून आहे. याले वाटते त्यानं केलं, त्याले वाटते यानं केलं!"

गोपाळराव लिफ्टच्या दाराच्या काचेतून येणाऱ्या उजेडात वही धरून उभे होते. अकरा वीस. अकरा एकवीस. दोन रकाने, दोन 'भरली'. आणि पायलचं ते शेवटचं वाक्य त्यांनी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

आठवलं. एका उपविभागाच्या भांडारगृहाचा चार्ज एकदा चुकून दोन अभियंत्यांना एकाच वेळी दिला गेला होता. अकरा महिने दोघं रोज वेळेवर येत, रोज सही करत, आणि भांडाराचं कुलूप एकानेही उघडलं नव्हतं. तपासणीत दोघांनी एकच खुलासा दिला होता: 'सदर काम ते करीत असावेत असा समज झाला.' त्यानंतर खात्याने परिपत्रक काढलं, की यापुढे एका पदाचा चार्ज एकाच वेळी दोघांकडे देण्यात येऊ नये. भाषा चांगली होती. मसुदा गोपाळरावांचाच होता.

"पायल," ते म्हणाले.

"बोला, काका."

"सकाळी असं सांगाचं न वं. मी व्होल्टेज समजलो नाही."

"मंग आता?"

तीन बैठका, मंजूर ठराव, जनरेटर आला तेव्हा घातलेला हार, हे सगळं एका क्षणात गोपाळरावांच्या डोळ्यांसमोरून गेलं. खाली सिंधू बसलेली होती. "सोसायटीचा बंद कर," ते म्हणाले. "अंकुशचा चालू राहू दे."

पायल मागच्या बाजूला धावली आणि तिने सोसायटीचा जनरेटर बंद केला. नेमक्या त्याच सुमाराला गेटवर अंकुशचंही मन हललं होतं. काकाजी लिफ्टमध्ये, काकू परक्या घरात. आपला हट्ट काय कामाचा? म्हाताऱ्या माणसाचं नाव राहू द्यावं. त्याने आपल्या जनरेटरच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि तो बंद केला.

मधे पूर्ण इमारत असल्यामुळे मागच्याला पुढचं ऐकू येत नव्हतं आणि पुढच्याला मागचं. पायल पुन्हा जिना चढून वर गेली. "बंद केला, काका!" गोपाळराव म्हणाले, "शाबास." अंकुश शोभाताईंच्या दारात येऊन नम्रपणे उभा राहिला. "काकू, मी माहा बंद केला. काकाजीचा चालू आहे." सिंधूताई म्हणाल्या, "गुणाचा आहेस." लुंबिनीत सकाळपासून पहिल्यांदाच सगळे एकमेकांशी चांगले वागत होते आणि त्याबरोबर इतकी शांतता पसरली, की शोभाताईंच्या गॅसवरचा चहा उकळताना ऐकू येऊ लागला.

"लाईन आली का?" सिंधूताईंनी विचारलं. "किती बरं वाटून राहिलं."

पायल मीटर घेऊन खाली आली, तेव्हा आकडा हलत नव्हता. तिने मागे पाहिलं, मग गेटकडे पाहिलं.

"अंकुशभाऊ, तुमचा काहून बंद आहे?"

"काकाजीचा चालू आहे न."

"काकाचा मी बंद केला!"

"मले वाटलं—"

"तेच!" पायल ओरडली. "सकाळपासून तेच चालू आहे! फक्त आतापर्यंत मशिनी करत होत्या!"

अंकुश गेटकडे पळाला. चार वाजून वीस मिनिटांनी लुंबिनीत एकच जनरेटर, एकाच चार्जरमधून, एकट्याच्या जबाबदारीवर चालू लागला. चार्जरवरचा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. पायल त्याच्याकडे पाहून पहिल्यांदा हसली. "आता खरंच भरून राहिली."

पाच वाजता लिफ्टने आचका दिला. ती आपणहून खाली येऊन तळमजल्यावर टेकली आणि दार उघडलं. गोपाळराव बाहेर आले. सदरा अंगाला चिकटला होता, वही काखेत होती. शोभाताईंच्या दारात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सिंधूताईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"दवाखान्यातून मी आली का तुम्ही?"

"ट्रायल होती," गोपाळराव म्हणाले.

"पास झाली?"

"शेरा बाकी आहे."

पायलने आणखी अर्धा तास कोणालाही लिफ्टला हात लावू दिला नाही. अंकुश मात्र दर पाच मिनिटांनी गेटवर जाऊन आपल्या जनरेटरला पाणी विचारल्यासारखा पाहून येत होता. साडेपाचला तिने मीटर पाहिलं आणि मान हलवली. "तिघं चालन. काकू, दीप्ती अन् काका. बाकी कोणी घुसू नका."

लिफ्ट निघाली. दुसरा मजला आला तेव्हा गोपाळरावांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे दीप्तीने बाबांचा हात धरला. तिसरा गेला. चौथ्यावर दार उघडलं आणि दीप्तीने खुर्ची अलगद घरात ढकलली. खालून अंकुशची आरोळी आली, "पोचले काय?" आणि चारही मजल्यांवरून कोणी ना कोणी टाळ्या वाजवल्या.

गोपाळरावांनी दिवाणावर बसून वही उघडली. 'जनरेटर क्रमांक दोन. एकटा. मध्यान्होत्तर पाच चाळीस. प्रत्यक्ष पोहोच,' असं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाली रेघ मारून स्वतःची सही केली आणि वही, पेनासह, बायकोपुढे धरली. चौतीस वर्षांत असा पुरा झालेला चार्ज त्यांनी कमी पाहिला होता.

"सिंधू, इथं एक सही कर."

सिंधूताईंनी वहीकडे पाहिलं नाही. त्या दाराकडे पाहत होत्या.

"सही मंग करतो. अहो, माहा वॉकर खाली शोभाच्या घरी राहिला. तेवढा आणून द्या न जी. मले बाथरूमले जायचं आहे."

गोपाळराव लगबगीने उठून लिफ्टकडे वळले.

"अन् जिन्यानं जा," सिंधूताई म्हणाल्या. "पुन्हा मधात फसले, तं वॉकर कोण आणन?"